‘ढग आले, कॅमेरा आत ठेवा’ : हा सल्ला कुठे चुकतो

पाऊस लागला की ग्रुपांवर हा सल्ला फिरू लागतो : ‘ढगाळ हवेत निसर्गाचे फोटो काढू नका. रंग फिके येतात, उजेड सपाट असतो, आकाश पांढरं पडतं. काढलेच, तर एडिटिंगमध्ये आकाश बदला आणि सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवा.’ यातलं ‘आकाश पांढरं पडतं’ एवढंच पूर्ण खरं आहे.

‘रंग फिके येतात.’ येतात, पण दोष ढगाळ उजेडाचा नाही, चकाकीचा आहे. ओल्या पानांवर आणि कातळावर आभाळाची पांढुरकी साय पसरते आणि खालचा रंग झाकते. ती काढायला पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर लागतो. तो फक्त निळ्या आकाशासाठी असतो हा गैरसमज इतका पक्का आहे की पावसाळ्यात, म्हणजे नेमका हवा तेव्हा, तो घरी राहतो. लेन्सवर लावून सावकाश फिरवा. पान गडद होताना डोळ्यांना दिसतं. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि धबधब्यापाशी तेच कामी येतं. दाट ढगांत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, एफ/16 (लेन्सचं लहान छिद्र) ला शटर साधारण 1/15 सेकंद येतो, पोलरायझर लावला की 1/4. पाण्याची धार रेशमी व्हायला एवढं पुरतं. ट्रायपॉड मात्र हवाच. भर उन्हात तोच शटर लावला तर पाणी पांढरंफेक होतं.

‘उजेड सपाट असतो.’ पूर्ण ढगाळलेलं आभाळ डोक्यावर क्षितिजापेक्षा सुमारे तिप्पट उजळ असतं. म्हणजे उजेड वरून येतो. म्हणून तर माणसांच्या डोळ्यांखाली काळं पडतं. माणसाला पडवीत कडेपासून एक पाऊल आत, तोंड अंगणाकडे करून उभं करा. वरचा उजेड अडतो, समोरचा चेहऱ्यावर येतो. डोंगरांत खोली सावल्यांतून मिळत नाही, ती धुक्यातून घ्यायची. माळशेजला किंवा कोकणकड्यावर 70-200 मिमीच्या टेली लेन्सने एकामागची एक फिकट होत जाणारी डोंगरधार पकडा आणि सर्वांत जवळची, गडद धार फ्रेमच्या तळाशी ठेवा.

‘आकाश पांढरं पडतं.’ मान्य. मग ते घेऊ नका. सप्टेंबरात कासला सोनकी-तेरड्याचे गालिचे टिपताना कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, किंचित खाली झुकवलेला, आणि आकाशाची वर जेमतेम एक पट्टी. ढगांना आकार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा अर्धी फ्रेम त्यांना द्या. पण आभाळ मोठं घेतलं की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि जमीन काळवंडते. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) डोळे झाकून +1 करू नका. हायलाइटचा इशारा (अति उजळ भाग स्क्रीनवर लुकलुकवणारा) चालू ठेवा, एक तृतीयांश स्टॉपने वाढवत जा, आभाळ लुकलुकू लागलं की एक पायरी मागे या.

‘आकाश बदला.’ नव्या आकाशात सूर्य, खाली जमिनीवर एकही सावली नाही, डबक्यात जुनंच पांढरं आभाळ, आणि फांद्यांच्या फटींत पांढरी किनार. शाळकरी पोरही ओळखेल.

सॅच्युरेशनचंही तेच. पावसाळी पोपटी रंग मुळातच इतका भडक असतो की थोडा ढकलला तरी शिरा नाहीशा होऊन पानाचा नुसता डाग उरतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) घ्या. व्हाइट बॅलन्स (रंगांचा उबदार-थंडपणा) 6000 ते 6500 केल्विनपासून सुरू करा, डिहेझ (धुरकटपणा काढणारा स्लायडर) 10-15 च्या पुढे नेऊ नका, नाहीतर नॉइज (दाणेदारपणा) वर येतो. गवत डोळ्यांना हिरवं दिसलं तरी सॉफ्टवेअर त्यातलं बरंचसं पिवळ्यात मोजतं, त्यामुळे हिरवा स्लायडर हलवून फारसं काही होत नाही. पिवळ्याचं सॅच्युरेशन 5 ते 10 ने उतरवा. शेवटी ब्लॅक्सचा (सर्वांत गडद भागांचा) स्लायडर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) डावीकडे टेकेपर्यंत ओढा. धुक्याच्या फोटोत मात्र त्याला हात लावू नका. धुक्यात खरा काळा नसतोच, तो आणला की धुक्याचा धूर होतो.