खेळाच्या तासाला सगळ्यांनाच कच्चं लिंबू करा

बाहेर पाऊस असला की खेळाचा तास हॉलमध्ये. तीस मुलं, चाळीस मिनिटं, चार भिंती. मी खेळाची शिक्षिका, आणि पहिली काही वर्षं माझा अशा दिवसांचा बेत ठरलेला असायचा: डॉजबॉल, म्हणजे समोरच्या संघातल्यांना चेंडू मारून एकेकाला बाद करायचं. एक चेंडू, एक शिट्टी, काम भागलं. तास संपल्यावर मुलं घामाघूम दिसायची. म्हणजे जी समोर नाचत असायची, ती दिसायची.

एकदा माझाच पाय मुरगळला होता, म्हणून शिट्टी घेऊन भिंतीकडेच्या बाकावर बसले. बाद झालेली मुलं तिथेच येऊन बसतात. शेजारी दुसरीतला एक मुलगा होता, पहिल्याच मिनिटाला बाद झालेला. बुटाचा वेल्क्रो उघडायचा, लावायचा. चर्र. चर्र. मी म्हटलं, "अरे, बघत नाहीस कोण जिंकतंय ते?" तो मान वर न करता म्हणाला, "बाई, मी नेहमी इथेच असतो."

मला त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली.

कारण हिशोब सरळ आहे. जे मूल हळू पळतं, ज्याला चेंडू झेलता येत नाही, जे गोंधळतं, तेच आधी बाद होतं. म्हणजे ज्याला खेळायची जास्त गरज, त्याला आम्ही पहिल्यांदा बसवतो आणि जो मुळातच चपळ आहे त्याचा सराव शेवटपर्यंत चालू ठेवतो. रिलेचंही तसंच. तीस मुलांच्या दोन रांगा केल्या, प्रत्येकाला धावून यायला वीस सेकंद लागले, तर पाच मिनिटांत एक मूल वीस सेकंद धावतं आणि चार मिनिटं चाळीस सेकंद पुढच्याच्या पाठीत बोटं खुपसतं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते. आमच्या तासाचा त्यातला वाटा काढायला मला धीर झाला नाही.

हे शहाणपण माझं एकटीचं नाही. अमेरिकेत नील विल्यम्स यांनी १९९२ मध्ये शारीरिक शिक्षणाच्या नियतकालिकात शाळेतल्या लाजिरवाण्या खेळांची यादीच छापली होती. डॉजबॉल, संगीत खुर्ची, रिले, सगळे त्यात. मला ती यादी जरा जास्तच फटकळ वाटते. रिले मला अजून आवडते. फक्त पंधराची रांग नको, चौघाचौघांच्या रांगा करा. आठ रांगा मावत नसतील तर हॉल आडवा वापरा. (आणि शेवटची रेघ भिंतीपासून दोन-तीन पावलं अलीकडे आखा. मुलं रेघेवर थांबत नाहीत, भिंतीवर थांबतात.)

खेळ तेच, 'बाद' तेवढं काढायचं. आपल्याकडे त्याला शब्दही आहे, कच्चं लिंबू: खेळात आहे, पण आऊट नाही. तर सगळ्यांनाच कच्चं लिंबू करा. डॉजबॉलमध्ये चेंडू लागला की बसायचं नाही, समोरच्या संघात जायचं. चेंडू स्पंजचा, खांद्याच्या खाली. विषामृत तर आधीपासूनच शहाणं आहे, भिडूने 'अमृत' दिलं की परत पळायचं. रद्दी कागदाचे बोळे करून दोन बाजूंना टाका आणि दोन मिनिटं आपल्याकडचे बोळे पलीकडे फेकायला सांगा. कोणाकडे जास्त उरले ते मोजायची मारामारी होते, पण तीसही मुलं फेकत असतात.

संगीत खुर्ची मी खुर्च्यांऐवजी जमिनीवर ठेवलेल्या रिंगांवर घेते. गाणं थांबलं की एक रिंग कमी होते, मूल एकही नाही. उरलेल्या रिंगांमध्ये सगळ्यांनी मावायचं. शेवटच्या तीन रिंगांपाशी जे चालतं ते बघायलाच हवं. एकीत दहा जणांचे चवडे, एकाच्या कॉलरला दुसऱ्याची मूठ, आणि मध्ये कोणीतरी "माझा अंगठा बाहेर राहिला" म्हणून किंचाळतंय. वेल्क्रोवालाही त्यात होता. त्याला दोघांनी दप्तरासारखं उचलून धरलं होतं.

"मग मुलं हरायला कशी शिकणार?" असं पालक विचारतात. हरू दे ना! बोळ्यांच्या खेळात दर दोन मिनिटांनी एक संघ हरतो, रडीचा डावही होतो. पण हरून लगेच पुढचा डाव खेळायचा असतो. वीस मिनिटं भिंतीला टेकून मूल हरायला शिकत नाही, बसायला शिकतं.

जागेप्रमाणे नियम बदलणं म्हणजे खेळाची वाट लावणं, असं एक सहकारी म्हणाले. बास्केटबॉल कुठून आला मग? डिसेंबर १८९१, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डचं व्यायामगृह, बाहेर थंडी, आणि जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकासमोर अठरा कंटाळलेले विद्यार्थी. बंद जागेत धक्काबुक्की नको, म्हणून त्यांनी चेंडू घेऊन पळायलाच मनाई केली. पीचच्या दोन टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहिले. आज टोपलीच्या जागी असलेली रिंग ३.०५ मीटरवर असते, लहानांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये २.६० वर. म्हणजे मुलांसाठी रिंगही खाली येते, आमचा हट्ट तेवढा वर राहतो.

तुमच्याकडे तीस मुलं, एक हॉल आणि एकही बाद नाही असा खेळ असेल तर सांगा. माझ्याकडचे बोळे आता फार चुरगळलेत.