दुसरं औषध सुरू करतो कोण आणि बंद करतो कोण?

स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) असलेल्यांना एकाच वेळी दोन-दोन औषधं देण्यावर मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "रात्री दोन वाजता अंगावर धावून येणारा पेशंट एका औषधावर सांभाळून दाखवा. असे लेख वाचून नातेवाईक गोळ्या बंद करतात," असं तुम्ही लिहिलंय. दुसऱ्या वाक्याबद्दल आधी बोलतो, कारण तिथे चूक माझी आहे. 'औषध थांबवू नका' हे मी लेखाच्या अगदी शेवटी लिहिलं, ते सुरुवातीलाच यायला हवं होतं. स्किझोफ्रेनियात औषध सुटलं की आजार उलटतो. २०१२ च्या एका मोठ्या आढाव्यात वर्षभरात औषध घेणाऱ्यांपैकी २७ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ६४ टक्के लोकांचा आजार उलटला होता.

रात्री दोनच्या इंजेक्शनला माझा विरोध नाही. हॅलोपेरिडॉल या स्किझोफ्रेनियावरच्या औषधासोबत प्रोमेथाझिन मीही देतो. प्रोमेथाझिनने झोप लागते आणि हॅलोपेरिडॉलमुळे मान-जबडा आखडत नाही. माझा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळचा आहे. पेशंट शांत झालेला असतो, पण रात्रीचं हॅलोपेरिडॉल गोळीच्या रूपात चार्टवर तसंच राहतं. आठवड्याने फरक दिसत नाही म्हणून आणखी एक औषध येतं, आणि आधीचं कुणी काढत नाही.

मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचे डी-टू रिसेप्टर (ते जिथे चिकटतं ती ठिकाणं) औषधाने साधारण ६५ ते ८० टक्के व्यापले गेले की बहुतेक औषधांचा गुण येतो. त्यापुढे डोस वाढवला तर गुण फारसा वाढत नाही, ताठरपणा आणि अकथिसिया (औषधामुळे येणारी, स्वस्थ बसू न देणारी बेचैनी) मात्र वाढतात. अकथिसिया फसवी असते. माझा एक पेशंट दिवसभर व्हरांड्यात येरझारा घालायचा. नोंद होती 'अजून बेचैन', म्हणून डोस वाढवत गेलो. एकदा तोच म्हणाला, "डॉक्टर, मला बसायचंय, पण पाय बसू देत नाहीत." डोस निम्म्यावर आणला, अकथिसिया कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल दिलं, आणि काही दिवसांत तो जेवायला ताटावर बसू लागला. त्याआधीचे तीन आठवडे मी त्याचा त्रास आजार समजून वाढवत होतो.

"क्लोझापिनपेक्षा दोन साधी औषधं बरी" हे तुमचं म्हणणं मात्र मला पटत नाही. दोन औषधं, एका वेळी एक, पुरेशा डोसमध्ये निदान सहा-सहा आठवडे देऊन गुण आला नाही, तर पाळी क्लोझापिनची. १९८८ च्या चाचणीत अशाच हट्टी आजारात सहा आठवड्यांत क्लोझापिनने ३० टक्के पेशंट सुधारले, क्लोरप्रोमाझिन या जुन्या औषधाने ४ टक्के. क्लोझापिनने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरण्याची भीती खरी आहे, म्हणून तर नियमित रक्ततपासणी असते. (बद्धकोष्ठतेकडेही तेवढंच लक्ष हवं, तीही जिवावर बेतते.) दोन औषधांची जोडी सरसकट वाईट असंही नाही. फिनलंडमधल्या नोंदींच्या २०१९ च्या अभ्यासात क्लोझापिनसोबत अरिपिप्राझोल हे दुसरं औषध घेणारे पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण कमी दिसलं. पण ती जोडी विचार करून दिलेली असावी, चार्टवर चुकून राहिलेली नसावी.

तुम्ही वॉर्डात काम करता, म्हणून विचारतो: तुमच्याकडे डिस्चार्जच्या कागदावर प्रत्येक औषधापुढे 'कशासाठी' आणि 'कधीपर्यंत' लिहिलेलं असतं का? आमच्याकडे वर्षानुवर्षं नव्हतं.