शिंपल्याचं जेवण

गोव्यात शिंपले घरी आले की पुढचं सगळं ठरलेलं असतं. धुवायचे, आदोळीवर, म्हणजे विळीवर उघडायचे, रिकामी शिंपी टाकायची, भरलेली ठेवायची, वर खोबरं आणि सोलं. आमच्या पर्वरीच्या फ्लॅटमधल्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत मात्र एक शिंपला असा आहे की ज्याला खायचं नाही, खायला घालायचं आहे. ही उलटी व्यवस्था घरात अजून कुणाला पचलेली नाही.

आधी त्याचं रूप सांगतो, कारण आम्ही भुललो ते रूपालाच. लालभडक अंग, कडेने तंतूंची झालर आणि ओठावरून सतत लखलखत पळणारी पांढरी लकेर. बघणाऱ्याला वाटावं, आत बॅटरी आहे. तसं काही नाही. ओठाच्या एका अंगाला सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे असतात, ते उजेड परतवतात. दुसरं अंग तो शोषून घेतं. शिंपला ओठ भराभर आत-बाहेर वळवतो आणि आपल्याला वीज चमकल्यासारखी दिसते. शास्त्रज्ञांनी ही लबाडी 2014 साली उघडकीला आणली. दुकानदार त्याला स्कॅलॉप म्हणून विकतो. खऱ्या स्कॅलॉपशी त्याचं नातं लांबचं. पण लांबच्या नातलगांचं करावं लागत नाही असं आपल्याकडे कुठे आहे?

तर हे रूप टाकीत सोडलं आणि त्याच रात्री ते खडकामागच्या काळोख्या फटीत जाऊन चिकटलं. त्याला तशीच जागा लागते. आता कुणी बघायला आलं की मी सोफा सरकवतो, टॉर्च लावतो, पाहुण्याला गुडघ्यावर बसवतो आणि मग तो पाहुणा 'हां हां, दिसलं' असं खोटं बोलतो.

खडक सिरॅमिकचे आहेत. खरी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि जायंट क्लॅम म्हणजे महाकाय शिंपल्याचंही तेच. त्यातली गंमत अशी की जायंट क्लॅम स्वतःचं बरंचसं पोट स्वतःच भरतो. त्याच्या अंगात शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला भाडं म्हणून देतं. म्हणजे जो स्वावलंबी, त्याला हात लावायचा नाही आणि जो मिळतो तो जन्माचा परावलंबी.

परावलंबी म्हणजे किती? हे जीव पाणी गाळून जगतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक मोठं कालव, सगळं मनासारखं असेल तर, दिवसाला 190 लिटरच्या आसपास पाणी गाळतं. माझी अख्खी टाकी 200 लिटरची. आणि टाकी राखायची म्हणजे पाणी आरशासारखं स्वच्छ ठेवायचं, त्यासाठी स्किमर नावाचं यंत्र रात्रंदिवस फेस काढत बसलेलं. स्वच्छ पाण्यात गाळायला काय मिळणार? शिंपला गाळतो, गाळतो आणि उपाशी राहतो. बरं, मरतोही लगेच नाही. आठवडेच्या आठवडे, कधी महिनेसुद्धा, अंगातलं साठवलेलं खात बसतो, आणि आपण लोकांना सांगत असतो की मस्त रुळलाय.

म्हणून त्याला हिरवं पाणी पाजावं लागतं. नॅनोक्लोरॉप्सिस नावाचं शेवाळ, एकेक कण दोन-तीन मायक्रॉनचा. ते मी बाल्कनीत खाऱ्या पाण्याच्या बाटल्यांत हवा सोडून आणि खत घालून वाढवतो. तयार झालं की फ्रिजमध्ये, सोलकढीच्या शेजारी. रोज हलवलं नाही तर तळाशी बसतं आणि मरतं. बायकोने बाटलीवर चिठ्ठी लावली आहे: 'ह्यांचं. पिऊ नये.' जेवण वाढायची वेळ झाली की स्किमर बंद, पंप बंद, आणि मी ड्रॉपर घेऊन फटीच्या तोंडाशी हिरवा ढग सोडतो. कमी पडलं तर शिंपला उपाशी, जास्त पडलं तर नायट्रेट आणि फॉस्फेट चढतं आणि काचेवर दुसरंच, कुणी न मागितलेलं शेवाळ येतं. आग्रह करून वाढण्याची आपली सगळी परंपरा इथे कुचकामी. पाहुणा 'पुरे' म्हणत नाही आणि 'वाढा'ही म्हणत नाही. त्याला चाळीसेक डोळे आहेत म्हणतात; एकात तरी भूक दिसावी!

शेवटी निदान केलं ते आईने. ती पेडण्याहून आली होती. तिसऱ्या, म्हणजे खायचे छोटे शिंपले, निवडण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तोंड वासलेल्या तिसरीला ती नखाने टिचकी मारते. मिटली तर टोपात, नाही मिटली तर कचऱ्यात. टॉर्चच्या उजेडात तिने आमचं ध्यान पाहिलं, चमच्याच्या दांड्याने त्याच्या शेजारचा खडक हळूच ठोकला आणि थांबली. शिंपला मिटला, पण रविवारी दुपारी बेल वाजल्यावर दार उघडायला उठावं तसा.

"जिवंत आहे रे," ती म्हणाली, "पण आत काही नाही. कडेचं मांस बघ कसं मागे सरलंय. हा मी बाजारात घेतला नसता."

अंग शिंपल्याच्या कडेपासून मागे सरणं हे उपासमारीचं ठरलेलं लक्षण. जाणकार जे सांगतात, ते आईने म्हापशाच्या मासळी बाजाराच्या जोरावर सांगितलं. त्या दिवसापासून हिरवं पाणी एकदाच भरपूर न देता दिवसातून चार वेळा थोडं थोडं जातं.

शेजारच्या काकांची शंका वेगळीच आहे. "समुद्र दहा मिनिटांवर, आणि तू मीठ विकत आणतोस?" आणतो. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी पाणी गढूळ आणि निम्मंशिम्मं गोडं होतं. मला लिटरला 35 ग्रॅम क्षार लागतात, बारा महिने. त्यात पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे ऐकल्यावर काकांनी माझ्या बायकोकडे सहानुभूतीने पाहिलं. जूनमध्ये वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर पंखा की पंप, हा प्रश्न आमच्याकडे मतदानाला टाकत नाहीत, कारण निकाल ठाऊक आहे. मी बॅटरीवरचा एअरपंप घेऊन ठेवलाय.

फेदर डस्टर नावाचा एक किडाही आहे, नळीत राहणारा, डोक्यावर पिसांचा तुरा. सावली पडली की तुरा आत. म्हणजे मी जेवण घेऊन गेलो की आत. फार मनाला लागलं तर तुरा टाकून देतो आणि नवा उगवतो. त्याच्याविषयी एवढंच.

आणि आता ऐका. टाकीखालच्या सांडपेटीत, म्हणजे टाकीतून सांडलेलं पाणी जिथे जमतं आणि पंपाने परत वर जातं त्या पेटीत, जिथे मी कधी थेंबभर हिरवं पाणी टाकलं नाही, तिथे काळोखात पांढुरके स्पंज आणि चुन्याच्या नळ्यांतले बारीक किडे माजले आहेत. तेही गाळूनच खातात. कुणी आणले नाहीत, कुणी पोसले नाहीत, ड्रॉपर माहीत नाही, आणि कुटुंब इतकं वाढलंय की पंपाच्या तोंडातून पाणी निम्मंच येतं. त्या नळ्या काढायच्या तर पंप व्हिनेगरात भिजवावा लागतो. घरात व्हिनेगर आहे, वरच्या मजल्यावरच्या आंटीने दिलेलं, अस्सल माडाचं. कालपर्यंत ओट्यावर होतं. आज बायकोला विचारलं तर म्हणते, "अहो, कुठलं व्हिनेगर?"