कमल बस्तीचे दगड लंडनात

फाळणीत मोहेंजोदडोच्या वस्तूंचीही वाटणी झाली. ती इतकी काटेकोर, की हार आणि कंबरपट्टे तोडून मणी निम्मे-निम्मे केले. आज ब्राँझची नर्तकी दिल्लीत आहे आणि दगडी राजपुरोहित कराचीत. २०१६ मध्ये लाहोरच्या उच्च न्यायालयात अर्ज गेला की नर्तकी आमची, भारताकडून परत मागा. मूर्ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची!

ही जुनी बातमी परवा आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी पुन्हा टाकली आणि जुंपली. बेळगावातल्या शहापूरच्या काकांनी निकाल दिला, "दिल्लीतच राहू दे. आपली संस्कृती आहे ती." मी लंडनातून विचारलं, काका, मग किल्ल्यातल्या कमल बस्तीचे शिलालेख कुणाचे? उत्तर आलं, "ते कानडी रे. त्यांचं ते बघून घेतील."

बेळगावच्या स्टँडसमोर किल्ला आहे, त्यात ही जैन बस्ती, म्हणजे मंदिर. छतात दगडी कमळ उमललंय, त्याला बहात्तर पाकळ्या: भूत, वर्तमान आणि भविष्यातले चोवीस-चोवीस तीर्थंकर. मान दुखेपर्यंत वर बघत राहावं असं काम आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, इ.स. १२०४ च्या सुमारास, त्याचा मंत्री बिचिराजा याने ती बांधली. बस्तीला दिलेल्या दानांचे दोन कानडी शिलालेख मात्र बेळगावात नाहीत, ते ब्रिटिश म्युझियमकडे आहेत. त्यात बेळगावचं नाव वेणुग्राम असं येतं.

आता, इथून शहाणपण सांगणं सोपं, हे मला कळतं. माझ्या दाराची पाटी साठ टक्के कानडीत आहे का, हे इथं कुणी तपासत नाही. एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळायचा की कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे बघत गप्प बसायचं, हा प्रश्नही माझ्यापुढे नसतो. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या सीमावादाच्या दाव्याचं ओझं तिथल्या माणसांच्या डोक्यावर आहे. त्यांचा राग खोटा नाही.

पण तो राग रट्टांवर कशाला काढायचा? ती बस्ती बांधली तेव्हा ना महाराष्ट्र राज्य होतं, ना कर्नाटक. दगड ज्या मातीत उभा होता तिथला, एवढं मी मानतो. मग लेख कानडीत असला म्हणून माझा हक्क कमी होत नाही, आणि बेंगळुरूचा आपोआप वाढतही नाही. उद्या ते तिथल्या संग्रहालयात जाऊन बसले तर बेळगावच्या पोरांना लंडन काय नि बेंगळुरू काय.

१९६३ च्या कायद्याने ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्तांचे हात बांधलेत, त्यामुळे वस्तू कायमची परत मिळणं जवळपास अशक्य. उसनी मात्र मिळू शकते. वाघनखं नाही का २०२४ मध्ये इथल्याच दुसऱ्या संग्रहालयातून तीन वर्षांसाठी साताऱ्याला आली! (ती महाराजांचीच का, यावर वाद घालणारे घालोत.) तशीच मागणी या दोन दगडांसाठी करावी, आणि मराठी-कानडी दोघांनी मिळून करावी.

काकांनी यावर अजून काही लिहिलेलं नाही. चुलतभावाने तेवढं विचारलं, "अर्ज कुणाच्या नावाने, मुंबईच्या की बेंगळुरूच्या?"

बेळगाव महापालिकेच्या.