लाईव्ह म्हणे!

डोकं तडकलंय म्हणून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आज आमच्या इथल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. बॅनरवर हे एवढाल्या अक्षरांत "लाईव्ह ऑर्केस्ट्रा". स्टेजवर कीबोर्ड, गिटार, ढोलकी, सगळा सरंजाम. दुसऱ्या गाण्यात ढोलकीवाल्याने पाण्याची बाटली उचलली, झाकण उघडलं, दोन घोट घेतले, आणि ढोलकी आपली वाजतेच आहे! बरं, कोणाला काही वाटलं नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई तर फोनवर शूटिंग करत "काय वाजवतो ना" म्हणत होत्या.

माझा नवरा म्हणतो, तुला त्या बँजोवाल्यांनी बिघडवलंय. बिघडवलंय खरं.

नॉर्थ कॅरोलायनात राहायला आल्यावर आम्ही एकदा डोंगरातल्या एका छोट्या गावात शनिवारचा रेडिओ कार्यक्रम बघायला गेलो. हो, रेडिओ, आणि तो बघायला. जुनं थिएटर, झिजलेल्या खुर्च्या, स्टेजच्या मधोमध एकच माईक. ब्लूग्रासचा, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागातल्या तारवाद्यांच्या संगीताचा, ताफा होता. बँजो (आपल्या मिरवणुकीतला नव्हे, गिटारसारखा छेडायचा), मॅन्डोलिन, फिडल म्हणजे व्हायोलिनच, गिटार आणि माणसाच्या उंचीचा बास. ड्रम नाही, वायरी नाहीत. ज्याची पाळी तो माईकपाशी येतो, वाजवतो, बाजूला होतो. कोणाचा आवाज किती हे माईकपासून किती अंतरावर उभं राहायचं त्यावर ठरतं. फिडलवाल्याचा गज शेजारच्याच्या डोळ्यात कसा जात नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

तर ऐन रंगात बँजोवाल्याची तार तुटली.

तो दोन पावलं मागे सरकला आणि खिसे चाचपायला लागला. मॅन्डोलिनवाली आपली पाळी संपवून बाजूला होणार होती, ती झालीच नाही, तिने पुन्हा पहिल्यापासून उचललं. मग फिडलवाल्याने घेतलं. गाणं संपलं तरी तार चढलेली नाही. निवेदकाने गावातल्या किराणा दुकानाची जाहिरात वाचली. ती संपली तरी बँजो खुंटीलाच. मग त्याने तीच जाहिरात परत वाचली, या खेपेला हॅमचं वर्णन जरा जास्तच चवीने. आणि मागे तार जुळवल्याचं टुंई-टुंई सगळं हवेवर चाललंय, घरोघरी ऐकू जातंय. लोक खुश!

त्या टुंई-टुंईसाठी मी पुन्हा दोन तास गाडी चालवीन. आजच्या कार्यक्रमासाठी पार्किंगही शोधणार नाही.

मंडळी, हे संगीत वाढलंच रेडिओवर. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम स्टेशनवर 1925 च्या नोव्हेंबरात शनिवारचा एक बार्न डान्स, म्हणजे खेड्यातल्या कोठारात व्हायचा तसल्या नाचगाण्यांचा कार्यक्रम, सुरू झाला, तोच पुढे ग्रँड ओल ऑप्री. मालक कोण, तर विमा कंपनी! 1939 मध्ये तिथे केंटकीचा बिल मन्रो मॅन्डोलिन घेऊन आला. 1945 च्या डिसेंबरात त्याच्या ताफ्यात अर्ल स्क्रग्ज नावाचा पोरगा दाखल झाला, तीन बोटांनी बँजो असा काही वाजवायचा की लोक वेडे झाले. आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो ते तिथून धरतात. समोर हॉल भरलेला, वर घड्याळ, आणि जे वाजेल ते त्याच क्षणी निम्म्या देशाच्या कानात. पन्नास हजार वॅटचं स्टेशन होतं ते. अशा ठिकाणी वाजवणारा माणूस पाणी प्यायला थांबत नाही.

आणि पैसा? नावाला. डोंगराळ भागातल्या बऱ्याच ताफ्यांना स्टेशनकडून फारसं काही मिळायचंच नाही. रेडिओवर दोन गाणी म्हणायची आणि "आज संध्याकाळी अमक्या शाळेत आहोत, या" असं सांगायचं. तिकिटं तिथे खपायची. आसपासची सगळी गावं करून झाली की पुढच्या स्टेशनवर. ब्रिस्टल गावच्या डब्ल्यूसीवायबी स्टेशनवरच्या दुपारच्या कार्यक्रमावर स्टॅनली बंधूंसारखे ब्लूग्रासवाले उभे राहिले. मन्रोच्याच ताफ्यातला गायक लेस्टर फ्लॅट आणि स्क्रग्ज त्याला सोडून वेगळे झाले, तर 1953 पासून त्यांना पोसलं पिठाच्या कंपनीने, मार्था व्हाइट. भल्या पहाटेचा कार्यक्रम, बायका न्याहारीच्या बिस्किटांचं (तिकडची बिस्किटं म्हणजे मऊ पावच) पीठ मळतायत तेव्हा. 1962 मध्ये हे दोघे न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गेले, तर तिथल्या लोकांनी ओरडून फर्माईश केली ती कशाची? त्या पिठाच्या जाहिरातीची! आणि यांनी ती वाजवली.

हेच तर म्हणतेय मी. जाहिरात, गाणं, विनोद, तुटलेली तार, सगळं एकाच पंगतीला. ऑप्रीत तर स्क्वेअर डान्सही असतो, जोड्याजोड्यांनी चौकोन करून नाचायचा. रेडिओवर नाच! ऐकणाऱ्याला फक्त बुटांची टकटक. कुठल्याही शहाण्या माणसाने पहिल्या आठवड्यात बंद केला असता. ऑप्रीला शंभर वर्षं होऊन गेली.

आता कोणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. हो, तो इतिहास काही धुतल्या तांदळासारखा नाही. डीफोर्ड बेली हा हार्मोनिकावाला ऑप्रीच्या सुरुवातीच्या ताऱ्यांपैकी, काळा माणूस, त्याला 1941 मध्ये काढून टाकलं, आणि मग त्याने बूटपॉलिशचं दुकान चालवलं. विसरायचं नाही ते. आणि हो, आमच्या कार्यक्रमाचे लोक बिचारे नोकरी सांभाळून फुकट राबतात, साउंडवाला परवडत नाही, कळतं मला. पण मग बॅनरवर "लाईव्ह" कशाला छापता? "कराओके" छापा, मी येईन, टाळ्याही वाजवीन.

टाळ्यांवरून आठवलं. त्या थिएटरात माझ्या शेजारी एक आजीबाई होत्या, टाळ्या इतक्या जोरात की माझा कान बसला. तार जुळवायचं चाललं होतं तेव्हाही वाजवतच होत्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, नवरा घरी अंथरुणाला खिळलाय, त्याला रेडिओ लावून देऊन आलेय, माझी टाळी त्याला बरोबर ओळखू येते. मला तेव्हा हसू आलं. एवढ्या गर्दीत कसली ओळखू येतेय टाळी! पण आज तो बाटलीवाला ढोलकीपटू बघताना सारख्या त्याच आठवत होत्या. रेकॉर्डिंग असतं तर त्या बाईंनी कोणासाठी वाजवल्या असत्या?

राग जरा उतरला लिहिता लिहिता. असो.

सगळेच तगत नाहीत हेही खरं. मिनेसोटाचा लेखक गॅरिसन कीलर ऑप्रीवर लेख लिहायला नॅशव्हिलला गेला आणि परत येऊन 1974 मध्ये त्याने स्वतःचाच तसा रेडिओ कार्यक्रम सुरू केला. 2016 मध्ये तो क्रिस थिलीच्या हातात आला. काय वाजवतो तो मॅन्डोलिन, बापरे. नाव बदललं, आणि 2020 च्या जूनमध्ये कार्यक्रम बंद. मला वाईट वाटलं होतं, नवऱ्याला नाही. त्याच वर्षी ऑप्रीत मार्चपासून कित्येक महिने प्रेक्षक नव्हते. तरी शनिवार चुकवला नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोर दोन-चार जण उभे राहून गायचे, गाणं संपलं की शुकशुकाट, पुढचं गाणं. मी स्वयंपाकघरात ऐकायचे. कोणाला खोकला आला तर तोही आमच्या घरात यायचा.

आपल्याकडे माझ्या आईच्या पिढीला आकाशवाणी संगीत संमेलन ठाऊक आहे, समोर बसलेल्या श्रोत्यांची "क्या बात है" रेडिओतून यायची. तिला हे एका वाक्यात कळलं. माझ्या भाच्याला मात्र अर्धा तास समजावलं, तरी म्हणाला, "मावशी, पण मग चुका कट कशा करतात?"

करत नाहीत रे बाबा!

कोणाला ऐकायचं असेल तर सांगते. शनिवारी नॅशव्हिलच्या वेळेने संध्याकाळी सातला ऑप्री लागतं, म्हणजे भारतात रविवारी पहाटे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. डब्ल्यूएसएम इंटरनेटवरही आहे. जाहिराती लागतील, त्या ऐकायच्या, पुढे ढकलायची सोय नाही. आणि कमेंटमध्ये कृपा करून "स्पॉटिफायवर आहे का" विचारू नका.