"पायाला डॉक्टर लागत नाही" म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या महिनाभरात तो मेसेज मला सात-आठ ग्रुपवर आलाय, भावकीच्या ग्रुपवर, बचत गटाच्या, माहेरच्या गावच्या, आणि परवा तर दवाखान्यात आलेल्या एका मावशींनीच मोबाईल पुढं केला, "सिस्टर, हे खरं हाय का बघा की." ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शुगरवाल्यांनी रोज अनवाणी मातीत चालायचं म्हणजे पायाच्या मुंग्या जातात. जखम झाली तर हळद भरायची आणि दुखत नसेल तर घाबरायचं काही कारण नाही. कुरूप ब्लेडनं कापून वर बिब्ब्याचं तेल घालायचं. टाच दुखते म्हणजे हाड वाढलंय, तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकायचं. पाय मुरगळला तर लगेच गरम तेलानं चोळून ओढून बसवायचा. चिखल्यांवर रॉकेल. आणि सगळ्यात शेवटी ठळक अक्षरात, पायाला डॉक्टर लागत नाही, दवाखान्यात गेलं की आधी बोट कापतात मग पाय कापतात.

मी डॉक्टर नाही, नर्सिंगचं काम करते, सांगली जिल्ह्यातच, १४ वर्षं झाली आणि त्यातली निम्मी ड्रेसिंगच्या खोलीत गेलीत. म्हणजे पाय रोज बघते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतेय, वाचा आणि ज्या ग्रुपवर तो मेसेज आला असेल तिथं हेही टाका.

शुगरच्या मुद्द्यापासूनच सुरू करते कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच होतंय.

ऊसतोडीचे दिवस होते, तासगाव बाजूचे एक आण्णा बीपीच्या गोळ्या न्यायला आलेले. खोलीत वास आला म्हणून म्हटलं आण्णा चप्पल काढा बघू, तर पाय उचलला आणि चप्पल पायाबरोबरच वर आली. तळातून चूक, म्हणजे बारीक खिळा, वर आलेली आणि ती अंगठ्याखालच्या गादीत रुतलेली. मी चप्पल ओढून सोडवली तरी त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नाही, उलट मलाच म्हणाले, "दुखत न्हाई वो काय, चालतंय." पोरगं म्हणालं चार दिवस उंबऱ्यावर डाग पडत होते, आम्हाला वाटलं कुंकवाचे.

आता त्या मेसेजमधलं "दुखत नसेल तर घाबरू नका" हे वाक्य परत वाचा. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होत जातात, आधी बोटं मग तळवा मग वर, मोजा चढवावा तसं. सुरुवातीला मुंग्या, जळजळ, रात्री पाय पांघरुणाबाहेर काढावे वाटतात, आणि पुढं काहींच्या मुंग्या खरंच कमी होतात, पण ते मातीत चालल्यानं नस बरी झाली म्हणून नाही तर ती पुरती बधिर झाली म्हणून. माणूस मात्र खूश होतो की उतार पडला. अशा पायाला बाभळीचा काटा, उसाचा बुडखा, एप्रिलमधली डांबरी सडक, कशाचाच पत्ता लागत नाही. ज्याला दुखतं तो पाय झटकतो, लंगडतो, कुणाला तरी दाखवतो. ज्याला दुखत नाही तो त्याच जखमेवर दिवसभर उभा राहतो.

चालायला माझा विरोध नाही हं, शुगरला चालणं चांगलंच. आणि श्रद्धेलाही हात लावत नाही, आमच्या घरात नवरात्रात नऊ दिवस पायात न घालणारे आहेत, मांढरदेवीला, शिखर शिंगणापूरला जाणारे आहेत, पालखी लोणंदला आली की तरडगाव फलटण बरडपर्यंत तिच्याबरोबर चालणारे आहेत. पण पाय बधिर असलेल्या माणसानं पायताण घालूनच चालावं आणि घालायच्या आधी ते उलटं करून झटकावं, आत हात फिरवून बघावं. पाय बधिर आहे का हे घरीही कळतं. माणसाला डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला आपल्या बोटाचं टोक हलकेच एक-दोन सेकंद टेकवा, दाबायचं नाही, टोचायचं नाही, कळलं की "हां" म्हणायला सांगा. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय धोक्यात आहे असं धरून चाला आणि दाखवायला न्या. याला इप्सविच टच टेस्ट म्हणतात, इंग्लंडमधल्या गावाचं नाव आहे ते, साधन काहीच लागत नाही. दवाखान्यात नायलॉनच्या दोऱ्यानं बघतात, १० ग्रॅमचा दाब पडला की वाकतो तो दोरा, त्यालाही दोन मिनिटं पुरतात.

हळदीचं काय. सांगलीच्या माणसाला हळदीविरुद्ध बोलायला जिवावर येतं, २०१८ मध्ये आपल्या हळदीला जीआय टॅग मिळाला तेव्हा आमच्याकडं पेढे वाटलेले. भाजीत घाला, दुधात घाला. पण तळव्याच्या जखमेत पूड कोंबली की वर खपली धरते आणि आत पू साठत राहतो, कडेची लाली पिवळ्या रंगात दिसत नाही, आणि पूड काही निर्जंतुक नसते, डब्यातला चमचा कुठं कुठं फिरलेला असतो. मला अर्धा अर्धा तास नुसती हळद धुवायला लागलीय, खाली हाड उघडं पडलेलं. शिवाय तळव्याची जखम नुसत्या मलमानंही भरत नाही, तिच्यावरचा दाब काढावा लागतो, म्हणजे प्लास्टर किंवा मऊ तळाची खास चप्पल आणि कमी उभं राहणं. एमसीआर रबराच्या, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या मऊ रबराच्या चपला ऐकल्या असतील, कुष्ठरोगानं बधिर झालेल्या पायांसाठी त्या वर्षानुवर्षं देतात, शुगरच्या पायालाही त्याच तऱ्हेची चप्पल उपयोगी पडते. आणि मातीत शेणात पाय कापला की धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा, खिळा गंजलेला होता का नव्हता यावर ते ठरत नाही, धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात.

कुरूप. ब्लेडनं कापलं की परत येतंच कारण ते दाबानं होतं, चप्पल जिथं घासते किंवा हाड जिथं टेकतं तिथं कातडी जाड होत जाते, दाब तसाच ठेवला तर दर महिन्याला कापत बसाल. आणि बिब्बा! बिब्बा उततो हे आपल्या आज्ज्यांना माहीत होतं, धोबी त्यानं कपड्यावर खुणा करायचे त्या धुतल्या तरी जायच्या नाहीत, असलं तेल उघड्या कातडीवर घालताय. पाण्यानं भरलेला फोड आणि त्याखाली भाजल्यासारखी जखम, हे मी दोनदा बघितलंय. कोमट पाण्यात पाय भिजवून वजरीनं हलकेच घासा, चप्पल रुंद घ्या, बास. मेडिकलमधली कॉर्न कॅप शुगरवाल्यांनी अजिबात लावायची नाही, तिच्यात कातडी खाणारं सॅलिसिलिक अॅसिड असतं आणि ते चांगली कातडीपण खातं. आणि आपल्याकडं ज्याला सरसकट कुरूप म्हणतात त्यातली बरीच कुरूपं नसतातच, कुणाचा मोडलेला काटा आत राहिलेला असतो तर कुणाची चामखीळ असते. चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात आणि ती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की दुखते. तिला वेगळा इलाज लागतो.

टाचदुखीचं "हाड वाढलंय" हे तर एक्स-रे बघून शिकलेली माणसंही सांगतात. हाडाचं ते टोक कितीतरी लोकांच्या एक्स-रेत दिसतं ज्यांची टाच आयुष्यात दुखलेली नसते. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकलं की कळ, चार पावलं चाललं की जरा बरं, परत बसून उठलं की कळ, असं असेल तर बहुतेक वेळा टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा तळव्याखालचा जाड पट्टा दुखावलेला असतो. शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहून चाळीस भाकऱ्या थापणाऱ्या बायकांत हे फार, आणि त्यांना विश्रांती घ्या म्हणून सांगणं सोपं असतं. त्यापेक्षा स्वयंपाकघरात मऊ स्लीपर घाला, सासूबाई काही म्हणाल्या तर माझं नाव सांगा. पलंगावरून उतरायच्या आधी पायाची बोटं हातानं आपल्याकडं ओढून दहा सेकंद धरा, असं दहा वेळा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणा, अर्धा मिनिट. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तळव्याखाली फिरवा. आठवड्यात नाही जाणार, काही महिने लागतात, पण बहुतेकांची टाच वर्षाच्या आत बरी होते, ऑपरेशन क्वचितच लागतं. रुईच्या पानानं शेकून बरं वाटत असेल तर वाटू द्या, फक्त चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, आणि पाय बधिर असेल तर वीट लांबच ठेवा, वीट किती तापलीय हे त्या पायाला सांगता येत नाही.

मुरगळलेल्या पायाचं मी घरचंच सांगते. माझे मामा बांधावरून उतरताना घसरले, घोटा टम्म सुजला, गावातल्या एकानं तेल लावून चोळला आणि दोन्ही हातांनी धरून हिसका दिला. कडकन आवाज आला तर सगळे म्हणाले बसलं. आठ दिवसांनी एक्स-रे काढला, हाड मोडलेलं होतं आणि सरकलेलंही होतं. ते आधीच सरकलेलं का हिसक्यानं सरकलं ते आता कोण सांगणार, मामा आजही पायरी उतरताना कठडा धरतात.

मेसेजमधली एक गोष्ट अर्धी खरी आहे, प्रत्येक मुरगळीला एक्स-रे लागत नाही. पण कधी लागतो हे ठरवायला साधा नियम आहे, कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेला. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेला किंवा टोकाला दाबून दुखत असेल, किंवा पडल्या पडल्या आणि नंतर दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. करंगळीच्या बाजूला पायाच्या मधोमध जे हाड हाताला लागतं ते किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दाबून दुखलं तरीही काढायचा. बधिर पायाला मात्र हा नियम लावायचा नाही. बाकीच्यांनी पहिले दोन दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही, कापडात गुंडाळून बर्फ पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर, आणि मग सोसेल तसं चालायला लागायचं, महिनाभर खाटेवर पडून राहायचं नाही. बरं झाल्यावर दात घासताना एका पायावर उभं राहायचा सराव करा, तोच पाय परत परत मुरगळत असेल तर त्यानं खूप फरक पडतो.

आणि शुगर असलेल्या माणसाचा एक पाय अचानक सुजला, लाल झाला, दुसऱ्यापेक्षा हाताला गरम लागतोय पण दुखणं मात्र फार नाही, आणि मुरगळल्याचंही आठवत नाही, तर त्याला कुणीही हात लावायचा नाही. आत हाडं ठिसूळ होऊन खचत असू शकतात, त्याला शार्को म्हणतात. चालायचं बंद करून त्याच दिवशी दवाखाना.

चिखल्या आणि भेगांचं पटकन सांगते. रॉकेलनं कातडी जळते. बोटांमधल्या बेचक्या कोरड्या ठेवा, बुरशीचं साधं क्लोट्रिमाझोल क्रीम लावा, मेडिकलवाल्यानं दिलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबा नकोत. भेगांना रात्री कोकमाचं तेल किंवा व्हॅसलीन लावून मोजे घाला, हा घरचा उपाय चांगलाच आहे, फक्त भेगेतून रक्त किंवा पू येत असेल तर दाखवा.

आता ते ठळक अक्षरातलं, "दवाखान्यात गेलं की कापतात." त्या आण्णांचा अंगठा गेला. जंतू हाडापर्यंत गेले होते, अंगठा काढला म्हणून पाय राहिला. पण गावात काय पसरलं माहितीय का, चालत गेलेला माणूस अंगठा कापून आला. चपलेतला खिळा कुणाला दिसला नाही, उंबऱ्यावरचे डाग कुणाला आठवले नाहीत. मग त्याच गल्लीतला पुढचा माणूस जखम लपवतो, महिनाभर हळद भरतो, आणि तो येतो तेव्हा अंगठ्यावर भागत नाही. शुगरमुळं पाय कापायला लागतात त्यातले साधारण ८५ टक्के आधी एका लहान जखमेपासून सुरू झालेले असतात, हे जगभरच्या डॉक्टरांचं म्हणणं आहे.

दवाखान्यांची चूक नाही असंही मी म्हणत नाही. ओपीडीत शंभर माणसं असतात, शुगर तपासतात, गोळ्या देतात, चप्पल काढा कुणी म्हणत नाही, मीच कित्येकदा म्हटलेलं नाही. परदेशात पायाचे वेगळे पोडिअॅट्रिस्ट असतात, तशी पाटी मी आपल्या खेड्यात अजून बघितली नाही. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात देशात १०.१ कोटी शुगरवाले निघाले आणि खेड्यातही शंभरातल्या जवळपास नऊ जणांना शुगर आहे, म्हणजे एवढ्यांचे पाय आपल्याला आपल्याच माणसांकडून बघून घ्यायचेत. उपकेंद्रात तिशीच्या पुढच्यांची शुगर-बीपी तपासणी फुकट होते, आशाताईंना विचारा. शुगर असेल तर वर्षातून एकदा तरी "माझे पाय बघा" असं तोंडानं म्हणा, आणि बधिरपणा असेल तर दर काही महिन्यांनी. जखम असेल तर सांगली सिव्हिल आहे, मिरजेचं सरकारी हॉस्पिटल आहे, सातारा सिव्हिल आहे, तिथं जा आणि पहिल्याच आठवड्यात जा.

मोबाईल दाखवणाऱ्या त्या मावशींना मी स्टुलावर बसवलं, चप्पल काढायला लावली, डोळे मिटा म्हटलं. उजव्या पायाची तिन्ही बोटं त्यांनी बरोबर ओळखली. मग डावा अंगठा झाला, मधलं बोट झालं, करंगळी झाली, आणि मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या, "डाव्या पायाला लावा की आता." लावून झालं होतं माझं. सोमवारी त्यांना डॉक्टरांसमोर बोलावलंय आणि येताना घरात, रानात, बाजारात वापरायच्या सगळ्या चपला पिशवीत घालून आणा म्हटलंय.