गार पाण्याने नसा फुटत नाहीत

ऊन तापलं की तो मेसेज परत येतो. तुम्हालाही आला असेल. पारा ४० वर गेला की थंड पाणी पिऊ नका, उन्हातून आल्यावर अर्धा तास हातपायही धुऊ नका, शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. खाली कुणा डॉक्टरांच्या मित्राची गोष्ट असते: घरी आला, पायांवर गार पाणी घेतलं, कोसळला. डॉक्टर कोण, गाव कुठलं, पत्ता नाही. दर उन्हाळ्यात कुणीतरी त्यात चार ओळींची भर घालतं. यंदा माझ्याकडे आलेल्या मेसेजमध्ये घाम येत असेल तर ऊन लागलेलं नसतं, थर्मामीटरने ताप बघा, तापाची गोळी द्या, हेही होतं.

मी विदर्भातल्या एका सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टीला सिस्टर आहे. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे म्हातारी माणसं येतात, तशी भरतीची पोरंही येतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं. त्यासाठी १७-१८ वर्षांची पोरं डांबरी रस्त्यावर घाम गाळतात, आणि उठायला उशीर झाला तर नऊ वाजताही पळतात.

गेल्या मे महिन्यात अशा एकाला दोन मित्रांनी मोटरसायकलवर मधे बसवून आणलं. बनियन पिळलं असतं तर पाणी निघालं असतं. "मॅडम, याले घाम येऊन रायला ना, म्हणजे ऊन नाई लागलं," एक जण म्हणाला. मी पोराला नाव विचारलं, त्याने नीट सांगितलं. महिना कोणता म्हटलं, तर त्याने मला शिवी हासडली. मित्र ओशाळले. "हा असा नाई मॅडम, कधीच शिवी देत नाई." मला तेवढं पुरे होतं.

घामाचा मुद्दा इथेच निकालात निघतो. कोरडी, तापलेली कातडी हे लक्षण मुख्यतः घरात बसून ऊन लागलेल्या वयस्कांचं. पळून तापलेल्या तरुणाला उष्माघातातही घाम सुटलेला असू शकतो. आम्ही कातडीपेक्षा डोकं आधी बघतो: बडबड, चिडचिड, झोकांड्या, विचारलेल्याला भलतंच उत्तर, झटके. ओळखीच्या माणसाला "हा आज वेगळाच वागतोय" असं वाटणं हीसुद्धा आमच्यासाठी नोंद आहे, म्हणून मित्रांना बाहेर हाकलू नये.

मेसेज म्हणतो, ताप १०२ च्या आत असेल तर घरीच थांबा. त्या पोराच्या काखेत १०१ भरला, गुदद्वारातून मोजला तर १०६. घामाने ओली, वाऱ्याने निवलेली काख आतली आग सांगत नाही; करोनानंतर घरोघरी आलेलं कपाळावरचं बंदुकीसारखं यंत्रही नाही. आतलं तापमान १०४ च्या वर आणि भान हरपलेलं, म्हणजे उष्माघात. मैदानावर तसं मोजता येत नसेल, तर आकडा सोडा आणि वागणं बघा.

आता मुख्य गोष्ट, गार पाणी. कातडीवर गार पाणी पडलं की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, हे खरं. आकसणं म्हणजे फुटणं नव्हे. "मग उष्णता आतच कोंडेल" अशी शंका शिकलेली माणसंही काढतात, पण पाणी हवेच्या मानाने सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढतं, त्यापुढे हे आकसणं फिकं पडतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फालमाउथला दर ऑगस्टमध्ये सुमारे सव्वाअकरा किलोमीटरची शर्यत होते. तिथे १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ धावपटू बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवले गेले. एकही दगावला नाही. नसा फुटत असत्या तर तिथे ढीग लागला असता. मेसेजमध्ये सत्याचा कण असलाच तर एवढाच, की एकदम थंड पाण्याचा धक्का म्हाताऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला झेपेलच असं नाही. म्हणून तिथे ओलं कापड आणि पंखा यांवर भर असतो. धडधाकट पोराला हा नियम लावू नका.

त्या मित्रांनी मेसेज आठवून पोराला अर्धा तास बाभळीखाली नुसतं बसवलं होतं. शेजारी विहीर होती. भान गेलेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात १०२ च्या आसपास उतरवणं, सगळी लढाई त्याच्यासाठी असते, आणि या मेसेजने नेमका तोच अर्धा तास मागितला. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत हात चालू ठेवा. सावली, बूट-कपडे काढणं, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी बादलीमागून बादली, ओली चादर सारखी बदलत राहणं, वारा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी नको, मे महिन्यात त्यात चहा होईल. जवळ रसवंती असेल तर बर्फाची लादी मागा. फोडून मान, काखा, जांघा. हौदात बसवलं तर डोकं धरायला एक माणूस हवाच.

पॅरासिटामॉलचं थोडक्यात: तापात मेंदूच तापमानाचा काटा वर सरकवतो, गोळी तो खाली आणते. इथे काटा जागेवरच आहे, भट्टी आवरेनाशी झालीय. गोळीने काही साधत नाही, आधीच होरपळलेल्या यकृतावर मात्र ओझं.

"भरपूर पाणी पाजा" हे शुद्धीत असलेल्याला ठीक. भान नसलेल्याच्या तोंडात ओतलं तर ते फुप्फुसात जातं. आणि तासन्‌तास घाम गाळून नुसतं साधं पाणी लिटरवर लिटर प्यायलेल्याचं रक्तातलं सोडियम (मीठ) घसरतं. त्यालाही भोवळ, उलटी, भ्रम होतो. म्हणून आम्ही काय प्यायला, किती प्यायला, विचारतो. सोबत साखर तपासतो, आदल्या दिवशी ताप-जुलाब होते का, जिमवाल्याने कुठली पावडर दिली का, तेही. पावडरीचं उत्तर आई बाहेर गेल्यावरच मिळतं.

पारा ४० च्या खाली असला की निश्चिंत, हेही खोटं. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जण गेले, तिथे चंद्रपूरसारखं ४५ नव्हतं. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पळणाऱ्याचे तर स्वतःचे स्नायूच चूल असतात.

आणि मेसेज म्हणतो, "सावलीत बसून बोलायला लागला की घरी न्या". तो पोरगा गार झाल्यावर हसला, सॉरी म्हणाला. रात्री लघवी कोऱ्या चहासारखी झाली. स्नायू विरघळून मूत्रपिंडात उतरले की असा रंग येतो. यकृताचे आकडे तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतात. त्याला पाच दिवस ठेवला. सुट्टीच्या दिवशी त्याने विचारलं, "सिस्टर, ग्राउंड उद्यापासून चालू करू?" किमान आठवडाभर पळणं बंद, मग रक्त पुन्हा तपासून हळूहळू, असं कागदावर लिहून दिलं. कागद त्याने मित्राकडे दिला, मित्राने फोटो काढून ग्रुपवर टाकला.